डावं कुणाचं, माशाचं की माझं? (प्रकल्प नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४)

३ जून

अकरा आठवड्यांचा उन्हाळी प्रकल्प आजपासून सुरू. नव्या वहीच्या पहिल्या पानावर मॅडमनी स्वतःच्या हाताने प्रश्न लिहून दिला: गर्भाला डावं-उजवं कसं कळतं, आणि त्यात सिलियांचं काम कोणतं, हलण्याचं की ऐकण्याचं? मी म्हटलं, दोन्ही. "मग दोन्ही वेगवेगळं करून दाखव," म्हणाल्या आणि मीटिंगला निघून गेल्या.

सिलिया म्हणजे पेशीवरचे केसासारखे तंतू. विश्वकोशात पक्ष्माभिका असा शब्द आहे. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. लॅटिनमधलं सिलियमही पापणीचंच. शब्द सुरेख आहे, पण फिश रूममध्ये (माझ्या प्रकल्पाचे झेब्राफिश ठेवलेल्या खोलीत) तो कुणी उच्चारणार नाही, मीही नाही. हलणाऱ्या सिलियांच्या आत सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्यांचं कडं आणि मधोमध आणखी दोन नलिका. न हलणाऱ्या, म्हणजे प्राथमिक सिलियांमध्ये कडं तेच, मध्ये रिकामं. ही न हलणारी आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींवर एकेक असते, आणि कित्येक वर्षं तिला उत्क्रांतीत मागे राहिलेलं शेपूट समजून कुणी विचारत नव्हतं. उंदराच्या गर्भात 'नोड' नावाचा जो खळगा असतो तिथल्या सिलिया मात्र आतून रिकाम्या असून गरगर फिरतात. पाठ करायला बसलं की पहिला अपवाद हा असा आडवा येतो.

७ जून

फिश रूम. चौदा तास उजेड, दहा तास अंधार, पाणी साडेअठ्ठावीस अंश. मामा इथले सगळ्यात जुने. त्यांनी नर-मादी ओळखायला शिकवलं: नर सडपातळ आणि पिवळसर, मादी रुपेरी आणि पोटाने भरलेली. संध्याकाळी जोड्या लावायच्या, मध्ये पारदर्शक पडदा. सकाळी दिवे लागले की पडदा काढायचा. पंधरा-वीस मिनिटांत अंडी जाळीतून खाली पडतात. जाळी नसेल तर आईबापच ती खाऊन टाकतात.

झेब्राफिश हा मासा मूळचा आपल्याकडचा. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. पुढे १९७०च्या दशकात अमेरिकेत ऑरेगनला जॉर्ज स्ट्रायसिंगरने तो प्रयोगशाळेत आणला, आणि आता तो तिथून पेपरांच्या वाटेने परत आलाय. माहेरी आलेल्या मुलीसारखा, नवं आडनाव घेऊन.

१२ जून

पहिलं इंजेक्शन. एकूण सगळा सत्यानाश.

अंडं एका पेशीचं असेतो, म्हणजे पाऊण तासाच्या आत, काचेच्या सुईने साधारण एक नॅनोलिटर टोचायचं. आत फॉक्सजे१ए या जनुकाचं काम रोखणारा मॉर्फोलिनो, आणि थेंब दिसावा म्हणून फिनॉल रेड. फॉक्सजे१ए हा हलणाऱ्या सिलियांचा मुकादम. तो बसला तर हलणाऱ्या सिलियांचं सामानच तयार होत नाही. हे २००८ मध्ये दोन गटांनी दाखवलं. त्यातला एक सिंगापूरच्या सुदीप्तो रॉय यांचा. न हलणाऱ्या सिलिया या मुकादमाच्या हाताखाली नाहीत. मॅडमच्या "वेगवेगळं करून दाखव" वर माझा आराखडा उभा आहे तो याच्यावरच.

माझी सुई दोनदा तुटली. तिसरी इतकी जाड निघाली की पिवळा बलक बाहेर ओघळला. दुपारपर्यंत बशीत पांढरे ढग. ताईने, म्हणजे इथल्या पीएच.डी.वाल्या सीनियरने, बशी पाहून एवढंच विचारलं, "सगळ्या अंड्यांशी वैर होतं का?"

१९ जून

सुई आता हातात बसतेय. टोक चिमट्याने मोडायचं आणि मिनरल ऑइलमध्ये थेंब सोडून त्याचा व्यास मोजायचा. हे आधी केलं असतं तर आठवडा वाचला असता.

२० जून, रात्री ११

आज ज्यासाठी थांबले ते दिसलं.

सकाळी साडेआठची अंडी. सुमारे चौदा तासांनी गर्भाच्या पाठीवर कायखंडांच्या (पुढे स्नायू होणाऱ्या ठोकळ्यांच्या) दहाएक जोड्या उमटतात आणि शेपटीच्या मुळाशी एक गोल बुडबुडा दिसतो: कुप्फरची पिशवी. कार्ल कुप्फरने १८६८ साली माशांच्या गर्भात पाहिली म्हणून त्याचं नाव. (यकृतातल्या कुप्फर पेशीही त्याच्याच.) पिशवी पन्नासेक मायक्रोमीटरची, आत द्रव, भिंतीतल्या पेशींवर एकेक सिलिया. दिवस उलटायच्या आत पिशवी नाहीशी होते.

ताईने पिशवीत चमकणाऱ्या मण्यांचं द्रावण टोचून दिलं होतं. आधी मला नुसती धूळ दिसली. मग ताई म्हणाली, "एकाच मण्याकडे बघ." एक मणी पकडला. पाठीकडून पाहताना तो घड्याळाच्या उलट दिशेने निघाला, वरच्या कडेने डावीकडे गेला, खाली आला, पुन्हा वर. एका फेरीत तो जरा रेंगाळला, दुसऱ्या मण्याला घासून पुढे गेला. मी किती वेळ बघत होते माहीत नाही. मामा दार लावायला आले तेव्हा मान वर केली. सिलिया स्वतः दिसत नाहीत, सेकंदाला तीसेक वेळा फिरणारी गोष्ट डोळ्याला नुसती थरथर वाटते. पण कुणीतरी आत पाणी ढवळतंय हे कळतं.

पुढच्या कड्याशी सिलियांची दाटी जास्त, त्यामुळे तिथला डावीकडे जाणारा ओघ जोरदार. त्याचा मागोवा लागून डाव्या बाजूला डँड५ हे रोखणारं जनुक ओसरतं, आणि डावीकडच्या ऊतीत साउथपॉ हे जनुक चालू होतं. साउथपॉ म्हणजे डावखुरा. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. तिथून निरोप हृदयापर्यंत.

२१ जून

झोपेत लिहितेय. रात्रीची जागरणं टाळायला एक युक्ती सुचली होती: अंडी थंड ठेवली तर वाढ मंदावते. त्याचं सूत्रही आहे, बावीस अंशांवर तेरा तासांचा टप्पा वीस तासांवर जातो. म्हणजे पहाटे येऊन काम. मॅडम म्हणाल्या, डावं-उजवं मोजायचंय आणि गर्भ थंडीत कुडकुडवायचे, मग जे बिघडेल ते मॉर्फोलिनोने की थंडीने, हे तू सांगणार? युक्ती रद्द.

१ जुलै

पालख्या शहरात मुक्कामी, अर्धे रस्ते बंद. लॅबमध्ये मी आणि मामाच. वाचायचा दिवस.

ऐकणाऱ्या सिलियांची गोष्ट हलणाऱ्यांपेक्षा मला जास्त आवडायला लागलीय. १९९३ साली येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की क्लॅमिडोमोनास या शेवाळाच्या शेपट्या बघत होता. तिथे शेपटीच्या आत कण वर-खाली जाताना दिसले: माल घेऊन टोकाला, रिकामे परत. ही मालवाहतूक बंद पडली की सिलिया बनतच नाही. मग २००३ मध्ये न्यूयॉर्कला कॅथरिन अँडरसन यांच्या गटाला उंदरांत विचित्र गोष्ट सापडली. मज्जारज्जूचा नकाशा बिघडलेले गर्भ त्या गोळा करत होत्या. तो नकाशा हेजहॉग नावाच्या संकेताने ठरतो. बिघाड शोधत गेल्यावर जनुकं निघाली ती याच मालवाहतुकीची. शेवाळाच्या शेपटीची जनुकं, आणि बिघाड उंदराच्या पाठीत!

पुढची वर्षं याचा उलगडा करण्यात गेली. पॅच्ड नावाचं प्रथिन सिलियेवर वॉचमनसारखं बसलेलं. हेजहॉग आला की वॉचमन उठून जातो (२००७), आणि स्मूदन्ड नावाचं दुसरं प्रथिन आत शिरतं (२००५ मध्ये दिसलं). ते आत गेलं की टोकाशी जमणारी ग्ली प्रथिनं केंद्रकाला "चालू" म्हणून सांगतात. निरोप नसेल तर तीच ग्ली तोडली जाऊन "बंद" म्हणतात, आणि हे तोडणंही सिलिया असेल तरच नीट होतं. म्हणून सिलिया गेली की "चालू" आणि "बंद" दोन्ही आवाज बसतात. कोंबड्यांच्या टॅलपिड३ या प्रकारात प्राथमिक सिलिया नसतात आणि पायाला बोटं भाराभर येतात, ती यामुळेच.

मामांनी चहा आणला, म्हणाले, एवढं काय वाचता. सांगितलं. म्हणाले, म्हणजे एरियल.

हो. एरियल.

३ जुलै

दुसरी बशी: सायक्लोपामीन. हे स्मूदन्डला धरून बसवतं, म्हणजे एरियल शाबूत पण निरोप बंद. याचा शोध अमेरिकेतल्या आयडाहोच्या मेंढपाळांमुळे लागला. तिथे मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरं होत. कारण निघालं गाभण असताना खाल्लेली एक डोंगरी वनस्पती. तिच्यातलं द्रव्य ते हे.

काल सहाव्या तासाला टाकलं, आज गर्भ तिसाव्या तासाला. साध्या बशीत कायखंड कणसासारखे, एकात एक बसलेल्या बाणांच्या टोकांचे. सायक्लोपामीनच्या बशीत ते बाकदार, नालासारखे. कंबरेला बाण नाही, सगळं गोल. पहिल्यांदाच माझा निकाल पुस्तकातल्यासारखा आला.

आराखडा असा: फॉक्सजे१ए रोखलेल्या गर्भात हृदयाची बाजू बिघडावी पण बाण नीट राहावेत. म्हणजे हलणं गेलं, ऐकणं राहिलं.

५ जुलै

ताईने आराखड्याला भोक पाडलं. झेब्राफिशमध्ये सिलियांची मालवाहतूक पूर्ण बंद केली तरी बाण सायक्लोपामीनसारखे गोल होत नाहीत. एक कारण, आईने अंड्यात भरून दिलेली शिदोरी. ती शिदोरीही काढून घेतलेले गर्भ २००९ मध्ये तपासले गेले: हेजहॉगचा निरोप संपला नव्हता, नुसता मंदावला होता आणि जिथे नको तिथे पसरला होता. "मग तुझे बाण नीट राहिले म्हणजे ऐकणाऱ्या सिलिया नीट आहेत, हे कसं म्हणशील?" नाही म्हणता येत. फार तर निरोप मोठ्या प्रमाणावर बंद पडलेला नाही, एवढंच म्हणता येतं. तसंच लिहायचं ठरलं. रंगवून सिलिया प्रत्यक्ष बघाव्या लागणार.

१० जुलै

हृदयाची पहिली मोजणी. निकाल: भयंकर.

अठ्ठेचाळीसाव्या तासाला गर्भ भूल देऊन, मिथाइल सेल्युलोजच्या खळीत, चिमट्याने पोट वर करून ठेवायचा. हृदय काचेतून दिसावं तसं दिसतं, धडधडत. नेहमीच्या गर्भात नळी वळून निलय माशाच्या उजवीकडे जातो, अलिंद डावीकडे. पोटाकडून बघताना निलय माझ्या डाव्या हाताला. समोरासमोर बसलेल्या माणसाचं असतं तसं. टी.वाय.ला असताना कोंबडीच्या तेहतीस तासांच्या गर्भाची स्लाइड काढून काढून हात दुखले होते, त्यातही हृदय उजवीकडे फुगलेलं. तेव्हा कुणी विचारलं नव्हतं की उजवीकडेच का.

कॅमेऱ्यावर चित्रफिती घेतल्या आणि रात्री खोलीवर मोजल्या. काहीही न टोचलेल्या ४१ गर्भांपैकी ३९ उलटे!

मॅडमना फोन करायची हिंमत झाली नाही. ताईला मेसेज केला. तिचं उत्तर: "झोप."

११ जुलै

आधी वाटलं मासे डावे-उजवे धरण्यात माझीच गल्लत झाली, पोट आणि पाठ उलटी धरली. पण डोळे दिसत होते, बलक दिसत होता, पोटच होतं. मग वाटलं सूक्ष्मदर्शक प्रतिमा उलटी दाखवतो त्याने. कागदावर काढून बघितलं. तो उलटी दाखवतो म्हणजे अर्धा फेरा फिरवतो, डोकं खाली आणि पाय वर. उजवा हात कितीही फिरवा, डावा होत नाही. उजव्याचा डावा करायला आरसा लागतो.

आरसा! ताईने कालच्या वर्तमानपत्रातला क कात्रीने कापला, बशीत टाकला, वर पाण्याचा थेंब. नेत्रिकेतून बघितला: क डोक्यावर उभा, पण क. पडद्यावर बघितला: क आरशातला, गाठ उजवीकडे आणि शेपटी डावीकडे. कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आडव्या उलटापालटीच्या चौकटीत बरोबरची खूण. कधी, कुणी केली देव जाणे. पोस्टरसाठी चित्र सोयीचं दिसावं म्हणून कुणीतरी केली असेल आणि विसरलं असेल.

३९ सरळ आणि दोन उलटे. सगळ्या फिती बाद नाहीत, आरशातून वाचायच्या एवढंच. तरी मॅडम म्हणाल्या, ही मोजणी प्रबंधात घ्यायची नाही, पुन्हा करायची. शिवाय आता बशांवर नावं नकोत, क, ख, ग. कुठल्या बशीत काय हे ताईच्या खिशात. मोजणाऱ्याला उत्तर माहीत असलं की डोळा उत्तराकडे झुकतो.

१४ जुलै

मावसभाऊ भेटला, तो एक्स-रे विभागात आहे. त्याला हा किस्सा सांगितला तर हसला नाही. छातीच्या फिल्मवर हृदय उजवीकडे दिसलं की आधी फिल्म उलटी आहे का बघतात, म्हणून तर कॅसेटवर शिशाचं डाव्या-उजव्याचं अक्षर असतं. क्वचित फिल्म सरळ आणि माणूसच उलटा निघतो.

त्या उलट्या माणसांवरूनच ही सगळी वाट सापडली. १९३३ साली झुरिकच्या मानेस कार्टागेनरने तीन गोष्टी एकत्र असलेले रुग्ण नोंदवले: उलटे अवयव, सतत सायनस, फुप्फुसातल्या नळ्या फुगलेल्या. यांचा एकमेकांशी काय संबंध, कुणाला कळेना. १९७६ मध्ये स्वीडनच्या ब्योर्न अफझेलियसने सांगितलं, अशांच्या सिलिया हलतच नाहीत. म्हणून कफ साचतो. आणि गर्भात पाणी ढवळायला कुणी नसतं म्हणून बाजू नशिबावर पडते. खरंच, अशा आजाराच्या साधारण निम्म्याच लोकांचे अवयव उलटे असतात. नाणेफेक. फिरणं नसेल तर गर्भ चुकत नाही, नाणं उडवतो.

१८ जुलै

मॅडमना विचारलं, फिरणं खरंच कारण की नुसतं सोबती? त्यांनी जपानी प्रयोग सांगितले. १९९८ मध्ये टोकियोत हिरोकावा यांच्या गटाने उंदराच्या नोडमध्ये डावीकडे वाहणारा ओघ दाखवला. २००२ मध्ये ओसाकात नोनाका आणि हामादा यांनी उंदराचे गर्भ बाहेर वाढवून वरून पंपाने ओघ उजवीकडे ढकलला, तर बाजू उलटली. आणि २०१२ मध्ये दिसलं की नोडमध्ये शंभरावर सिलिया असल्या तरी फिरणाऱ्या दोनच पुरतात. दोन!

ओघ पेशीला कळतो कसा यावर वीस वर्षं भांडण होतं: ओघासोबत काही रसायन वाहत जातं, की कडेच्या सिलिया वाकतात म्हणून कळतं? २०२३ मध्ये उंदीर आणि झेब्राफिश दोन्हींत प्रकाशाच्या चिमट्याने सिलिया वाकवून पाहिल्या गेल्या, आणि पारडं वाकण्याकडे झुकलं. म्हणजे इथे सिलिया हलतेही आणि ऐकतेही, दोन्ही एकाच पिशवीत. माझा पहिल्या दिवसाचा "दोन्ही" अगदीच चूक नव्हता; मॅडमनी मान हलवली, पण गुण दिले नाहीत.

आणि कोंबडी? कोंबडीत हे काहीच नाही. नोडमधल्या पेशीच सरकून डावीकडे जातात, डुकरातही ओघ नाही. माझं तेहतीस तासांचं कोंबडीचं हृदय सिलियांना न विचारता उजवीकडे गेलं होतं.

२५ जुलै

नदीला पूर, सिंहगड रोडला घरांत पाणी, शाळा बंद. काल सकाळची अंडी रात्री दहाला फिक्स करायची (रसायनात आहेत तशी जपून ठेवायची) होती, पण पाऊस बघून मॅडमनी सातलाच घरी पाठवलं होतं. आज पोचता आलं नाही. पिशवी केव्हाच विरली असेल. मामा तिथेच राहिले होते, फोनवर म्हणाले, मासे ठीक, जनरेटर चालू.

२ ऑगस्ट

रंगवणी. सिलियांतल्या ॲसिटिलेटेड ट्युब्युलिनला चिकटणारी प्रतिपिंडं, रात्रभर चार अंशांवर. न टोचलेल्या गर्भात पिशवी तारांगणासारखी, प्रत्येक पेशीवर एकेक चकाकती रेघ. रोखलेल्या गर्भात मोजक्या, आखूड, कुठे नुसता ठिपका. दुसऱ्या ऊतींतल्या प्राथमिक सिलिया जागेवर. ताईच्या भोकाला निदान ठिगळ लागलं.

१४ ऑगस्ट

मोजणी. आधी कागदाचा क. नेत्रिकेत नीट, पडद्यावर नीट. मग मासे.

एका बशीतले गर्भ पाठीवर आडवे होईनात. शेपूट पोटाकडे वाकलेली, केळ्यासारखी, खळीत घसरत होते. ते पाहून कुठली बशी हे कळलंच, अंधपणा तेवढ्यापुरता गेला. तसं वहीत लिहून ठेवलंय. बाण मात्र सगळ्यांचे नीट.

ताईने चिठ्ठी उघडली. न टोचलेले ५२: ५० सरळ, २ उलटे. नुसता दिखाऊ, काहीच न रोखणारा मॉर्फोलिनो टोचलेले ४७: ४५ सरळ, १ उलटा, १ मधोमध. फॉक्सजे१ए रोखलेले ४४: २१ सरळ, १५ उलटे, ८ मधोमध, जिथे नळी वळलीच नाही. मॉर्फोलिनोने दिसलेलं जनुक काढून टाकल्यावर दिसेलच असं नाही, म्हणून मॅडमनी "खात्री" हा शब्द खोडून "सुसंगत" लिहायला लावला. बरोबरच आहे.

मधोमधचे आठ मला अजून छळतात. नाणं उडवलं तर छाप नाहीतर काटा. ते काठावर उभं राहतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

१६ ऑगस्ट

वही जमा. पुढच्या मुलीसाठी: सुईचं टोक चिमट्याने मोड, थेंब तेलात मोज. फिक्स करायच्या रात्री पाऊस असेल तर अंडीच घेऊ नकोस. कॅमेऱ्याशेजारी उजव्या कोपऱ्यात एक क चिकटवलाय, रोज सकाळी पहिल्यांदा तो बघायचा. सुटला तर ड्रॉवरमध्ये आणखी चार आहेत.